पऱ्हाटीची शमी

माझी धाकटी जाऊ वाईट असती तर माझं फार सोपं झालं असतं. ती वाईट नाही. तिच्या हातात कला आहे, तोंडात साखर आहे आणि त्या दोन्हींमुळे माझ्या पोटात दुखतं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला गेलं तर विषय निघतो झाडांचा, आणि तोही खेळण्यातल्या सैनिकांसाठी केलेल्या टीचभर झाडांचा. शाळेच्या ऑफिसात कारकुनी करणारी, केस पिकायला लागलेली बाई टीचभर झाडांवरून जळते म्हटलं तर लोक हसतील.

हा खेळ आमच्या घरात माझ्या दिरानं आणला. मी लग्न होऊन तेलंगणातल्या बेल्याजवळच्या या गावात आले तेव्हा तो दप्तर घेऊन शाळेत जायचा आणि डब्यात भाजी कोणती आहे हे मलाच विचारायचा. पुढे हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. सगळ्यांना घरी बसून काम करायला लावलं त्या काळात तो इकडे आला तो लॅपटॉप आणि सैनिकांचे खोके घेऊन. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक, ढाल-तलवारवाले, घोडेस्वार, एकेकाचा फेटासुद्धा रंगवलेला. जेवणाच्या टेबलावर प्लायवूड टाकायचं, टेपनं मोजून सैन्य पुढे न्यायचं आणि फासे टाकून लढायचं. माझे यजमान कपाशीच्या भावाशिवाय कशावर बोलत नाहीत, पण तेही आठवड्याभरात घोडदळ हाकायला लागले.

रणांगण मात्र अगदीच दरिद्री होतं. हिरवी चादर आणि डोंगर म्हणून पालथ्या घातलेल्या वाट्या. झाडामागे उभ्या सैनिकाला आडोसा मिळतो, म्हणजे त्याला मारायला दान मोठं पडावं लागतं, असा नियम आहे. पण झाडंच नव्हती. दीर मोबाइलवर परदेशी झाडांची चित्रं पाहून उसासे टाकायचा. मी म्हटलं, भाऊजी, झाडांसाठी काय अडून बसलात.

कापूस वेचून झाला की आमच्या शेतांत पऱ्हाट्या उभ्या राहतात, कपाशीची वाळकी झुडपं. चुलीत घालण्यापलीकडे त्यांना कोणी विचारत नाही. पण पऱ्हाटीचा शेंडा वीतभर कापून उभा धरा, फांद्या अशा फुटलेल्या असतात की खोडासकट झाड तयारच. मी ते शेंडे सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांत बसवले. जुन्या गादीतला फोम हिरव्या रंगात बुडवून वाळवला, मिक्सरमध्ये फिरवला आणि पांढऱ्या गोंदानं फांद्यांना चिकटवला. बुंध्याशी माती म्हणून उकळलेल्या चहाची वाळलेली पत्ती. सासूबाई बरेच दिवस चटणीला रंगाचा वास येतो म्हणून कुरकुरत होत्या. दिरानं मात्र झाडं टेबलावर मांडली, खाली वाकून सैनिकाच्या उंचीवरून पाहिली आणि त्या जागेला नाव दिलं, वहिनीचं जंगल. त्यानंतर डाव सुरू झाला की घरभर तेच ऐकू यायचं. तुझे घोडे वहिनीच्या जंगलात अडकले, माझे तिरंदाज वहिनीच्या जंगलात लपले. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ते ऐकायची आणि मला बरं वाटायचं.

मोठा डाव दसऱ्याला. त्या दिवशी तामसीहून दिराचा मित्र मोटारसायकलनं येतो. तो तिकडे तेलुगू शाळेत मास्तर आहे. डावाआधी एक प्रथा आम्ही पाडली. पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली होती, म्हणून सैनिकांच्या खोक्यात उरलेल्या सुट्या तलवारी टेबलाच्या मधोमध शमीला लटकवायच्या, हात जोडायचे आणि तिथून तलवारी उतरवून लढाई सुरू करायची. ती शमी माझी. बाकीच्या झाडांना फोम चालला, पण हिला मी एकेक पान केलं. ऑफिसातल्या पंचिंग मशीनमधून कागदाचे गोल तुकडे पडतात, ते हिरव्या कार्डाचे पाडले, प्रत्येकाला वरून कात्रीनं बारीकशी खाच दिली आणि मधोमध दुमडलं. दसऱ्याला आपण सोनं म्हणून देतो ते पान, हुबेहूब. तलवारी मी दोऱ्यानं बांधायची. वर्षभर मला घरात कोणी काही म्हणो, दसऱ्याच्या दिवशी सगळे पुरुष माझ्या झाडापुढे हात जोडून उभे असायचे. एवढी एक जागा मला या घरात स्वतःच्या हातानं मिळाली होती.

मग दिराचं लग्न झालं. मुलगी भैंशाची, शिकलेली तेलुगू शाळेत, घरी बोलणं मराठी. तिच्या वडिलांचं पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं पुन्हा गुंडाळून द्यायचं दुकान. लहानपणापासून तांब्याच्या तारेत वाढलेली. दिराला अजूनही बरंचसं काम घरून करता येतं, म्हणून दोघं इथेच राहिली. आल्यावर तिनं माझं जंगल पाहिलं, ताई किती सुंदर केलंय म्हणाली आणि माहेरून येताना तारेचं एक भेंडोळं घेऊन आली.

तारांची जुडी घ्यायची, खाली पीळ देऊन खोड करायचं, वर सोडवत सोडवत फांद्या काढायच्या. खाली राहिलेल्या टोकांची मुळं. वरून गोंदात कालवलेला लाकडाचा भुसा लिंपला की साल. माझी सगळी झाडं एकाच जातीची होती, जात कोणती ते विचारू नका. तिची बाभूळ बाभळीसारखी, साग सागासारखा. पळस केला तो फुललेला, एकही पान नसलेला, शेंदरी. मी पुष्कळ वेळ त्यात खोट शोधली. पानं आहेत का पाहिली, म्हणजे फुलल्यावर पळसाला पानं कुठे असतात असं म्हणता आलं असतं. नव्हती.

नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी गप्प बसले. पण नऊ दिवस सरले आणि नवलाई वाढतच गेली. ज्या सासूबाईंनी माझ्या झाडांना मिक्सर सोडून कधी काही विचारलं नाही, त्यांनी तिची बाभूळ हातात घेऊन चष्मा लावला. यजमानांनी तिच्याकडे आपल्या शेताच्या धुऱ्यावरच्या चिंचेची फर्माईश केली. मला या माणसानं कधी चहा जास्त गोड कर यापलीकडे फर्माईश केलेली नाही. आणि एका रविवारी मी पोळ्या लाटत होते तेव्हा दीर म्हणाला, तुझे घोडे जंगलात अडकले. नुसतं जंगलात. मी लाटणं थांबवून पुढच्या डावाची वाट पाहिली. पुढेही नुसतं जंगलच. त्या दिवशीच्या पोळ्या करपल्या आणि कोणी काही बोललं नाही, याचाही मला राग आला.

मग मीही एक उपाय केला. मोबाइलवरून कोणाला न सांगता तयार झाडांचं पाकीट मागवलं. चित्रात डेरेदार आंबे होते, पाकिटात फुलकोबीचे तुरे निघाले, प्लास्टिकचे, सगळे एका साच्यातले, सैनिकांच्या कमरेला लागतील एवढे. घरांचे छोटे नमुने करणाऱ्यांसाठी असतात म्हणे ते, उंची मी वाचलीच नव्हती. कपाटात लपवले तर महालक्ष्म्यांच्या वेळी सासूबाईंना सापडले. त्यांनी ते मखरात लावून टाकले, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं की ही गोजिरी झाडं कोणी केली, धाकटीनं का. सासूबाईंनी हो म्हणून मान हलवली. धाकटी मी नाही, मी नाही म्हणत होती, तरी श्रेय तिच्याच पदरात पडलं.

माझं सगळं लक्ष आता शमीवर होतं. बाकी रान घेऊ दे तिला, दसऱ्याला मधोमध माझंच झाड पाहिजे. नवरात्र बसलं तशी ती खोलीत काहीतरी करत बसायला लागली. मी केळी द्यायच्या निमित्तानं आत गेले. टेबलावर तारेचं झाड होतं, वाकडंतिकडं, खरबरीत, तारेची टोकं तिरपी कापून काटे ठेवलेले. हिरव्या लोकरीचं अगदी बारीक कातरण ती चिमट्यानं एकेक चिकटवत होती. मी विचारलं हे कोणतं झाड.

“जम्मी करून राह्यली ताई, दसऱ्यासाठी.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. जम्मी मला माहीत होती. आदिलाबादच्या बाजारात दसऱ्याला तेलुगू माणसं एकमेकांच्या हातावर बारीक पाला ठेवतात, ती जम्मी. आमच्या गावात शमीची पूजा करतात ती सीमेवर फांदी रोवून, जोडपानांची, तशीच माझ्या माहेरीही. त्यांची जम्मी, आपली शमी, असं माझं लहानपणापासूनचं गणित होतं. म्हणजे माझ्या जागेवर तिचा डोळा नव्हताच. मला इतकं हलकं वाटलं की मी उदार झाले. म्हटलं, कर कर, तेलुगू लोकांचंही एखादं झाड असू दे कोपऱ्यात, मधी आपली शमी आहेच. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चिमट्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली.

दसऱ्याला टेबल मांडलं. मी माझी शमी मधोमध ठेवली, दोऱ्यानं तलवारी बांधायला घेतल्या. धाकटीनं आपलं झाड कडेला ठेवलं. तेवढ्यात तामसीचे मास्तर आले, चप्पल काढता काढताच त्यांची नजर टेबलावर गेली.

“यंदा शमी कडेला काऊन?” ते म्हणाले. “अन् आपटा मधात?”

यजमान म्हणाले की मधली तीच शमी आहे, दर वर्षीची. मास्तरांनी माझं झाड उचललं, पान बोटावर घेतलं.

“हा तं आपटा हाय भाऊ. दर वर्साले मले वाटे, आपटाच मानत असान तुमी. शमी म्हनजे जम्मी. एकच झाड. ते पाहा न, काटे अन् चिंचेवानी बारीक पाला.”

माझ्या हातात दोरा होता आणि तो कुठे ठेवावा ते मला कळेना. इतके दसरे मी आपट्याला शमी म्हणून सगळ्यांना हात जोडायला लावले, आणि परवा शमीलाच कोपऱ्यात उभं राहायची परवानगी दिली. शाळेच्या ऑफिसात बसणारी बाई मी. कान इतके तापले की पदर घ्यावासा वाटला. दीर हसू दाबत होता, ते मला दिसलं.

तेव्हा धाकटी बोलली.

“आपटाच केला ताईनं. हत्यारं शमीत ठेवाची अन् जिंकून आलं का सोनं आपट्याचंच लुटाचं. दोन्ही झाडं लागतेच न. मले ताईनंच सांगतलं, तू शमी कर म्हणून.”

इतकं सरळ तोंड करून तिनं हे सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं. मास्तर वा वा करायला लागले. दिराला तर नवा नियमच सुचला. त्यानं माझा आपटा उचलून प्लायवूडच्या पार कडेला, सीमेवर उभा केला. ज्याचा घोडा आधी वहिनीच्या आपट्याला लागेल त्यानं सीमोल्लंघन केलं आणि तोच जिंकला. वहिनीच्या, असं तो कितीतरी दिवसांनी म्हणाला. मधोमध तिची शमी गेली. तिला दोरा लागला नाही, तलवारी काट्यांतच अडकून राहिल्या. दुपारभर सगळ्यांचे घोडे माझ्या झाडाकडे धावत होते, आणि मी दारात उभी राहून पाहत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात तो चिमटा होता. मी तिच्या खोलीत जाऊन अकलेचे तारे तोडले तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. तेव्हा तिनं मला दुरुस्त केलं असतं तर मी आठवडाभर धुसफुसले असते आणि विसरले असते. पण तिनं ऐकून घेतलं, आणि मला वाचवायचं उत्तर तेव्हापासून तयार ठेवलं. तिची बाभूळ चांगली, पळस चांगला, ते मी कसंतरी पचवत होते. आता तिचं मनही माझ्याहून मोठं निघालं. याला उतारा कुठल्या दुकानात मिळतो मला माहीत नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला ती आधी सासूबाईंकडे गेली, मग माझ्याकडे आली. तिनं माझ्या हातावर जम्मीचा पाला ठेवला, त्यावर आपट्याचं पान ठेवलं आणि वाकली. तिच्या बोटांना तारेचे ओरखडे होते. माझे डोळे भरले, आणि ते कशानं भरले हे तिला कळू नये म्हणून मी घाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सोन्यासारखी राहा, म्हटलं. ती सोन्यासारखीच आहे, आणि माझं सगळं दुखणं तेवढंच आहे.