टाकावरचा शिक्का

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की दिंडोरीच्या एक आजी आठवतात. तडा गेलेला देव पूजत नाहीत, म्हणून घरचा खंडोबाचा टाक, देवाची उठावदार प्रतिमा असलेला पितळी पत्रा, त्यांनी नाशिकच्या आमच्या छोट्या संग्रहालयाला दिला होता. वेबसाइट नवीन होती. कुणी नक्कल करू नये म्हणून मी प्रत्येक फोटोवर संग्रहालयाच्या नावाचा आडवा शिक्का मारला होता. एक दिवस आजी आपल्या टाकाच्या फोटोची प्रिंट घेऊन आल्या. "धाकटा वेगळा निघाला, त्याच्या देवघरात असाच टाक बसवायचाय. कारागिराला देवाचं तोंडच दिसत नाय." मी विचारलं, "म्हणजे हुबेहूब नक्कल?" "मग? हा बी सासऱ्यांनी थोरल्या घरचा बघूनच घडवला." मी बिनशिक्क्याचा फोटो दिला. आजही बाकी फोटोंवर शिक्का आहे, टाकांच्या फोटोंवर नाही. थोरल्या घरच्यांनी कुणाचा बघून घडवला होता, हे विचारायचं मात्र राहून गेलं.