नायिकेला मरायची परवानगी नव्हती

नाटक एका रात्रीत संपतं, त्याचे किस्से मात्र साठतच जातात. कोपरगावजवळच्या आमच्या साखर कारखान्यात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून गाळप थांबलं, की कामगारांचं नाटक ठरलेलं. एकाहत्तर सालच्या नाटकाचे किस्से तर आम्ही अजून चहाबरोबर काढतो.

त्या वर्षी पुण्याच्या एका लेखकाचं नाटक घेतलं. तालमी अर्ध्यावर आल्या आणि मग परवानगीची आठवण झाली. आमची रीतच तशी! लेखकाचं उत्तर आलं, "क्षमस्व. ते दुसऱ्या मंडळाला दिलं आहे."

आमचे दिग्दर्शक भाऊसाहेब कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. नाटक रद्द होणं म्हणजे त्यांना घरातलं लग्न मोडल्यासारखं. तडक वकिलाकडे गेले. वकील म्हणाले, "शब्द आणि प्रसंग लेखकाचे. नुसती कल्पना कुणाचीच नसते."

"मंग कल्पना ठिवू," भाऊसाहेब म्हणाले, "बाकी आपलं."

*

नायिकेच्या बापाचं काम सत्तारभाई टेलरकडे. त्यांचं जुनं पाठांतर इतकं पक्कं की तोंड उघडलं की लेखकाचंच वाक्य. मग प्रॉम्प्टरच्या हातात घंटी दिली. जुनं वाक्य आलं की टण्! बाकीच्यांचा प्रॉम्प्टर आठवण करून देतो, आमचा विसरायला लावायचा.

सत्तारभाई वैतागले. "भाऊसाब, शिवायला येळ लागत न्हाई. उसवायलाच लागतो."

*

मूळ नाटकात नायिका शेवटी क्षयाने मरते. आमच्या दवाखान्यातल्या नर्स कुसुमताई नायिका. त्या मरणावरच त्यांनी नाटकाला होकार दिला होता.

"मरायचं न्हाई," भाऊसाहेबांनी सांगितलं. "मरन लेखकाचं हाय."

"अहो, टाळ्या तिथंच आहेत ना!" कुसुमताईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

आता जिवंत नायिकेचं करायचं काय? भाऊसाहेबांना जे माहीत होतं ते त्यांनी लिहिलं. बापाच्या उसाचं वजन कमी भरतं, नायिका काट्यासमोर उभी राहते आणि गाडी परत मोजायला लावते. प्रयोगाला समोर सगळे ऊसवाले बसलेले. टाळ्या थांबेनात. कुसुमताईंनी पुन्हा मरणाचं नाव काढलं नाही.

*

पुढच्या हंगामात पहिलाच गाडीवान काट्यावर म्हणाला, "भाऊसाहेब, नाटकातल्यावानी परत करा वजन." मग मागचाही तेच. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. आपलं लिहिलेलं इतकं मनावर घेतलेलं बघून भाऊसाहेब एकीकडे घाम पुसत होते, एकीकडे खूश होते.

*

राहुरीकडच्या एका मंडळाचे लोक आले. म्हणाले, काट्याचा प्रवेश आम्हाला द्या, तुमच्याशिवाय दुसरं कुणी करायला नको.

"दिला," भाऊसाहेब म्हणाले. "तुमी आदी इचारलं, हेच लई झालं."

*

त्या हंगामाचा पट्टा पडल्यावर आम्ही तेच नाटक पुन्हा लावलं. पडदा उघडायच्या आधी बातमी आली, पुण्याचे लेखक स्वतः पहिल्या रांगेत बसलेत. भाऊसाहेबांनी पडद्याच्या फटीतून दोनदा बघितलं. प्रयोग बंद पडला तर गावात तोंड दाखवता येणार नव्हतं. सत्तारभाईंनी तेवढ्यात प्रॉम्प्टरच्या हातातली घंटी काढून खिशात घातली.

प्रयोग संपला. लेखक आत आले.

"यात माझं एकही वाक्य नाही," ते म्हणाले. "माझ्या नाटकातली मुलगी उगाच मेली, असं वाटलं. पुण्याच्या प्रयोगात तिला जगवीन म्हणतो. तो काट्याचा प्रवेश मला द्याल?"

भाऊसाहेबांनी हात जोडले.

"क्षमस्व सायेब. त्यो दुसऱ्या मंडळाला दिलाय."