पाठमोरा टीव्ही

शिक्षकांच्या मागे लागणं हेच माझं काम आहे. कागदावर त्याला भारदस्त नाव आहे; पण खरं सांगायचं तर सकाळी तुमसरहून स्कुटी काढायची, दिवसाला दोन-तीन प्राथमिक शाळा गाठायच्या आणि विचारायचं, "सर, टीव्ही लावता का? म्याडम, संगणक चालू करता का?" टीव्ही म्हणजे घरातला नव्हे. चाकांच्या स्टँडवर उभा केलेला मोठा पडदा आणि त्याला जोडलेला संगणक. सगळे त्याला टीव्हीच म्हणतात, मीही म्हणते.

मी स्वतः दहा वर्षं चौथीपर्यंतचे वर्ग शिकवलेत, त्यामुळे सबबी मला तोंडपाठ. वीज नव्हती. पिन सापडत नाही. उंदराने वायर कुरतडली. एका शाळेत तर दसऱ्याला पडद्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि पुढच्या दसऱ्याला मी गेले तेव्हा ते जसंच्या तसं! म्हणजे मधल्या वर्षभरात त्या पडद्यावरून कोणी फडकंसुद्धा फिरवलं नव्हतं. वरून त्या बाई म्हणतात कशा, "म्याडम, जपून ठेवला आहे." कपाळ माझं.

पण मला एक खोड आहे. कोणी नुसतं नाही म्हटलं की मला राग येतो, आणि नाही म्हणणारा माणूस चांगला असला की मला झोप लागत नाही. मला 'काहून', म्हणजे 'का' ते, हवं असतं. लहानपणी या 'काहून'पायी मी आईचा मारही खाल्ला आहे.

सिहोऱ्याकडच्या एका खेड्यातले गुरुजी असे चांगले होते. दोन शिक्षकांची शाळा, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. नोकरीची दोन-तीन वर्षं उरलेली. त्यांचा वर्ग म्हणजे आठवडी बाजार. ते एक सांगायचे आणि दहा पोरं मध्ये तोंड घालायची. पावसाळ्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा रोवण्याचे दिवस होते. धानाची रोपं लावायला गाव बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, उतरलेलं, निम्मी पोरं आईबापाबरोबर शेतावर. तरी उरलेल्या दहा-बारा जणांचा गलका मला रस्त्यावर ऐकू आला. टीव्ही मात्र कोपऱ्यात, वर चादर.

"गुरुजी, याला काय थंडी वाजून राहिली का?" मी चादर ओढली.

"लावला होता म्याडम. महिनाभर रोज लावला. मंग बंद करून टाकला."

"काहून?"

"पोट्टे मुके होऊन राहिले होते."

मला वाटलं गंमत करतात. पण ते अगदी गंभीर होते. "मी सांगतो तं धा जण मधात बोलते. हा सांगते तं कोणीच नाही बोलत. तोंड उघडं, पण आवाज नाही. संपलं का 'सर, अजून एक लावा'. प्रश्न एक नाही! महिनाभरात एक नाही म्याडम. मले भेवच वाटला."

त्या दिवशी माझा विश्वास बसला नाही. काम टाळायचं असलं की माणसाला लगेच तत्त्वज्ञान सुचतं, असं मी मनात म्हटलं. तोंडावर नाही म्हटलं, एवढं नशीब. पण धमकी दिली. धमकी खरी होती, कारण त्या वर्षी वरून यादी मागितली होती. ज्या शाळेत संच पडून आहे, तिथला उचलून मोठ्या शाळेला द्यायचा. वापरता हे दाखवायला एक फोटो हवा: पडदा चालू, मुलं समोर बसून पडद्याकडे बघताहेत. फोटो नाही तर संच नाही. आणि यादी करणार मी.

"दिवाळीनंतर येते. तेव्हा असाच झाकलेला दिसला तर उचलावा लागेल, सांगून ठेवते."

गुरुजींचा चेहरा उतरला. "नका नेऊ म्याडम. पोरायचा हाय तो. यायच्यापैकी कोणाच्या घरी संगणक नाही. हा गेला तं यायनं कुठी पाहावं?"

"मग वापरा ना!"

"कसा वापरू, ते समजलं का वापरतो," ते म्हणाले.

आता बघा, ठेवायचाही आहे आणि लावायचाही नाही. परतताना मी रस्ताभर धुसफुसत होते. पण ते 'कसा वापरू' माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही प्रशिक्षणात काय शिकवतो? चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, धडा कुठून उघडायचा. पोरं मुकी झाली तर काय करायचं, हे आमच्या कोणत्याच पानावर नव्हतं. मग मी इतर शाळांमध्ये उगाच मागे बसून ऐकायला लागले. टीव्ही सुरू झाला की खरंच शांतता व्हायची. इतके दिवस त्या शांततेला मी 'वर्ग रमला' असं लिहीत होते.

दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटलं की नाटक. नाटकाच्या पोस्टरवर सगळ्यात खालच्या ओळीत मला गुरुजींचं नाव दिसलं: प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात हा माणूस फार मोठा. नट आज या गावी, उद्या त्या गावी. तालमीला वेळ कुठला? आडोशाला बसून प्रॉम्प्टर एकेक वाक्य आधी वाचतो, नट ते उचलतो आणि रंगवून म्हणतो. नाटक सगळं त्याच्या डोळ्यांसमोर, पण तो कोणाला दिसत नाही. वर्गात एवढी बडबड चालवणारा माणूस आडोशाला बसतो, याचं मला नवल वाटलं.

यादी पाठवायच्या दिवशी मी न कळवता शाळेत गेले. खिडकीतून पाहिलं आणि डोक्यात तिडीकच गेली. टीव्ही चालू होता, पण उलटा! तोंड फळ्याकडे, पाठ पोरांकडे. पोरं त्या काळ्या पाठीसमोर पाट्या घेऊन बसलेली. म्हटलं, झालं, हात टेकले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

तरातरा आत शिरणार, तेवढ्यात आवाज आला. फळा आणि टीव्ही यांच्या फटीत चौथीतली एक बारकी पोरगी उभी होती. लाल रिबिनी, हातात माऊस. पडदा फक्त तिला दिसत होता.

"पाणी हाय," ती म्हणाली. "लय पाणी."

"तलावाएवढं?" वर्गातून प्रश्न.

"तलावापेक्षा मोठं."

"गोसीच्या धरणाएवढं?"

"धरणाचा काठ दिसते. याले पलीकडचा काठच नाही."

"सिंगाडे हायेत का त्यात?"

"नाही. पाणी हालून राहिलं. वर येते, पडते, वापस जाते, फिरून येते."

"काहून हालते? अंदर कोणी हाय का?"

"कोणी नाही दिसत."

"मंग हवा असन. झाडं पाय, झाडं हालतात का?"

ती बघून म्हणाली, "झाडं कमी हालतात, पाणी जास्त हालते." यावर जे भांडण पेटलं! एक म्हणतो बैल अंघोळ करत असतील, दुसरा म्हणतो एवढ्या पाण्याला किती बैल लागतील, तिसरी विचारते ते पाणी पडून मग मुरत कसं नाही, बांधीतलं तर मुरतं. त्यातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. गुरुजी मागे भिंतीला टेकून गुपचूप बसले होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी त्यांच्याशेजारी बसले. ते हळूच म्हणाले, "एकानं पाहाचं, सांगाचं. बाकीच्याइनं ऐकून पाटीवर काढाचं. मंग टीव्ही फिरवतो अन् आपापली पाटी ताडून पाहतात. प्रॉम्प्टरचं काम आहे म्याडम, दुसरं काय? रोज एकाची पाळी." मग पोरीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पोरगी वर्षभर हजेरीशिवाय तोंड उघडत नव्हती. आठ दिवसांपासून आपल्या पाळीची वाट पाहून राहिली होती."

आता मजा ऐका. मी समुद्र पाहिला आहे, पाण्यात उतरले आहे, नाकातोंडात पाणी घेतलं आहे. तरी मला ती काय बघतेय ते बघायची अशी हुरहूर लागली की मी उठून टीव्हीमागे डोकवायला गेले. पोरीने दोन्ही हात पसरून पडदा झाकला.

"नाही म्याडम! पयले पाटीवर काढा."

पोरं हसली. मी मुकाट्याने एक पाटी मागून घेतली आणि काढायला बसले. आणि सांगते, मला येईना! काठ नसलेलं पाणी कुठे थांबवायचं? शेजारच्या पोराने पाटीच्या चौकटीवरसुद्धा खडू फिरवून पाणी बाहेर काढलं होतं. मी त्याच्या पाटीत बघून नक्कल केली.

"थांबा," पोरगी एकदम म्हणाली. तिने चित्र थांबवलं होतं. "लांब एक काळा ठिपका हाय."

"पक्षी?"

"पक्षी नाही."

"मंग काय?"

"पाहू द्या ना! सांगतो मी."

सगळ्यांचे खडू वर थांबले. माझाही थांबला. आणि त्याच क्षणी फोन वाजला. वरून विचारणा: यादी झाली का, फोटो कुठे? मी घड्याळ पाहिलं आणि घाबरले. फोटो आत्ता गेला नाही तर हा संच जाणार, एवढंच मला दिसलं. "गुरुजी," मी म्हटलं, "दोन मिनिटं टीव्ही सरळ करा. फोटो काढते, मग पुन्हा फिरवा. नाहीतर नेतील हो."

गुरुजींनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांनाही संच हवाच होता. उठून त्यांनी टीव्ही फिरवला. चित्र सुरू केलं. ठिपका मोठा होत जवळ आला.

"जहाज!" दोघे-तिघे ओरडले. त्यानंतर कोणीच बोललं नाही. वीस पोरं पडद्याकडे तोंड करून बसली, मान ताठ, ओठ उघडे. मी फोटो काढला.

फोटो असा आला की विचारू नका. पडदा चालू, सगळ्या नजरा समोर, एकही पोर इकडेतिकडे बघत नाही. संच त्या शाळेतच राहिला, आजही आहे. तो फोटो आता आमच्या प्रशिक्षणात नमुना म्हणून दाखवतात, आणि दर वेळी मला उठून बाहेर जावंसं वाटतं. एकदा मी उभी राहून सांगितलंही, की हा फोटो खोटा आहे, खरा वर्ग याच्या दोन मिनिटं आधी होता. सगळे हसले. त्यांना वाटलं, विनय.

त्या दिवशी फोटो पाठवला आणि मग कुठे पोरगी माझ्या लक्षात आली. ती अजून फळ्यापाशीच उभी होती, माऊस हातात. टीव्ही फिरल्यामुळे आता तिच्यासमोर त्याची काळी पाठ होती. मला फार लाज वाटली. जवळ जाऊन मी खाली बसले.

"सांग ना गं," मी म्हटलं. "जहाज कसं होतं? मी फोटोच्या नादात नीट पाहिलं नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आता काय सांगू म्याडम," ती म्हणाली, "सगळ्याइनं पायलं ना." माऊस टेबलावर ठेवून ती आपल्या जागेवर जाऊन बसली.