बिनचेहऱ्याचे वस्ताद

सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्याच्या दुकानात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. जुन्या बॅनरवर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा आणि त्याच कापडावर नवा सिनेमा काढायचा, हा आमचा दर आठवड्याचा धंदा. एकेका कापडात पंधरा-पंधरा हिरो गाडलेले असायचे. किस्स्यांचंही तसंच झालंय, एक खरवडला की खालून दुसरा निघतो. म्हणून आज फक्त एकाच माणसाचे सांगतो, आणि तेही त्याचा हात अडला होता त्या महिन्याभराचे.

माणूस म्हणजे आमचे बापू पेंटर. सत्तरच्या दशकात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. चेहरे बापूंचे, रंग कालवणं आणि मागचं आभाळ-डोंगर हसनभाईंचं, आणि अक्षरं माझी. त्यामुळे दोघंही मला मास्तर म्हणायचे. शिरोली एमआयडीसीतल्या ट्रकांच्या नंबरप्लेटाही माझ्याकडेच असत.

*

एक दिवस तालमीतले दोन पैलवान दुकानात आले. त्यांच्या वस्तादांना मोतीबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसरा जायच्या वाटेवर. ऑपरेशन करा म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं, पण डॉक्टरनं आठ दिवस पाठ टेकून पडायला सांगितल्यावर वस्ताद दवाखान्यातून उठूनच आले होते.

“पाठ टेकून? जन्मात कुणापुढं टेकली न्हाय, आता त्या पोरगेल्या डॉक्टरापुढं टेकू व्हय?”

आता तालमीत आपली तसबीर लागलेली तेवढी डोळे आहेत तोवर बघायची, एवढी एकच त्यांची इच्छा होती. मुहूर्त हनुमान जयंतीचा, म्हणजे महिना हातात. बापू लहानपणी त्याच तालमीत होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. फोटो आहे का विचारलं तर पैलवानांनी एक जुना ग्रुप फोटो काढला. नेमका फोटो काढताना वस्ताद मागच्या पोरांना दम द्यायला वळले होते! त्यामुळे फोटोत पाठीवर सोडलेला फेट्याचा शेमला आणि कुस्तीत मोडलेला एक कान, एवढेच वस्ताद होते.

बापू म्हणाले, फोटो कशाला लागतो, आठ दिवसांत न्या.

*

पहिल्याच दुपारी त्यांनी पाय काढले. खुर्चीत बसलेल्या माणसाचे ते पाय बघून हसनभाई काम सोडून उठून आले, इतके ते जिवंत होते. मग धोतर, हात, छाती, फेटा, कान. सगळं चार दिवसांत उरकलं आणि मधे चेहऱ्याची जागा अंड्यासारखी कोरी राहिली. बापू सकाळी ब्रश घेऊन समोर उभे राहायचे आणि संध्याकाळी तोच कोरडा ब्रश धुऊन ठेवायचे.

हसनभाईंच्या मते कलाकाराचं अडतं ते पोटामुळे. त्यांनी बापूंना नेऊन मिसळ खाऊ घातली, वर झणझणीत रस्सा, म्हणजे कट, मागून मागून घातला. बापूंच्या कपाळावर घाम आला, कान लाल झाले, डोळ्यांत चमक आली. दुकानात परत आले, ब्रश उचलला, बाकावर टेकले आणि दिवेलागणीपर्यंत घोरत पडले.

“अंगात आलं होतं,” हसनभाई म्हणाले, “पण खालच्या बाजूला गेलं.”

*

वहिनींचा, म्हणजे बापूंच्या बायकोचा, उपाय जालीम होता. त्यांनी ते चित्र घरी नेऊन बापूंच्या ताटासमोर भिंतीला लावलं. जेवताना लाज वाटेल आणि हात चालेल, असा हिशेब. बापू भिंतीकडे पाठ करून जेवायला लागले.

तेवढ्यात उचगावहून वहिनींचे भाऊ आले. त्यांनी चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, फेटा झाला, धोतर झालं, मग कोऱ्या चेहऱ्यावर नजर थांबली. चहा संपवला. जाताना बहिणीला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “चेहरा पुसलाय म्हंजे भावकीत भांडान लईच वाढलंय की गं?”

चित्र त्याच दिवशी दुकानात परत आलं.

*

मग मी शहाणपणा केला. बापूंना म्हटलं, अडलेल्या चेहऱ्यापाशी बसून उपयोग नाही, दुसरं सोपं काही काढा, हात मोकळा होईल. नवा सिनेमा लागायचा होता. बापूंनी दोन दिवसांत हिरॉइन काढली. डोळे, ओठ, केसातलं फूल, सगळं फक्कड. बॅनर टॉकीजवर चढला आणि मॅनेजर धावत दुकानात आला. हिरॉइनचा डावा कान भज्यासारखा सुजलेला होता!

“हिच्या कानाला काय झालंय?”

“कुस्तीत मोडलाय,” बापू म्हणाले. म्हणजे त्यांना स्वतःलाही तेव्हाच दिसलं.

मॅनेजर तावातावानं बॅनर उतरवायला गेला, पण खाली ही गर्दी जमलेली. कोल्हापूरच ते. सिनेमात बाई कुस्ती खेळते अशी बातमी पेठापेठांतून पसरली होती. पहिले चार खेळ हाऊसफुल्ल गेले. पाचव्या खेळापासून आम्ही आठवडाभर त्या रस्त्यानं गेलो नाही.

*

हनुमान जयंतीला पाच दिवस उरले, तेव्हा मी सरळच विचारलं. बापू, एवढे लोक चितारता, मग यांचंच काय अडलंय?

बापू बराच वेळ ब्रशचे केस उपटत बसले. मग म्हणाले, “मास्तर, सहा वर्सं तालमीत काढली. वस्ताद आले की मान खाली. शिकवत्यात, मान खाली. मारत्यात, तरी मान खाली. गुडघ्याच्या वर मी कधी बघितलंच न्हाय.”

आता जाऊन बघून या म्हटलं, तर तेही जमेना. चौदाव्या वर्षी, जत्रेतल्या पहिल्या कुस्तीच्या दिवशीच ते न सांगता पळून गेले होते. त्यानंतर पस्तीस वर्षं त्या तालमीची गल्ली टाळून चालले. काय तोंडानं जाऊ, म्हणाले. एवढा भारदस्त माणूस, पण आवाज अगदी शाळकरी झाला होता. मला फार वाईट वाटलं.

पटत नसेल तर बघा म्हणून बापूंनी खडू घेतला आणि उंबऱ्याजवळच्या फरशीवर डोळे मिटून वस्तादांचे पाय काढले. वाकडी करंगळी, फुटलेली टाच, सगळं. काढून झाल्यावर पंचाईत लक्षात आली. वस्तादांचे पाय ओलांडायचे कसे? पुसायचे तरी कसे? त्या दिवशी शिरोलीच्या ट्रक ड्रायव्हरला नंबरप्लेट खिडकीतून द्यावी लागली. हसनभाईही खिडकीतूनच घरी गेले.

*

दुसऱ्या दिवशी हसनभाई उशिरा आले, ते टांग्यातून. टांग्यातून त्यांनी हाताला धरून खुद्द वस्तादांना उतरवलं. बापूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी वहाणा बघितल्या, लोटांगण घातलं आणि उठून मान खाली घालून उभे राहिले. मालक असून दुकानात परक्यासारखे.

मी स्टूल दिलं. खडूचे पाय न दिसल्यानं त्यांच्यावरूनच चालत येऊन वस्ताद बसले. मागे ते दोन पैलवान उभे.

“बाप्या, पळालास त्या दिवशी तुझी बैठकांची पाळी होती,” वस्ताद म्हणाले. “मार शंभर. नजर म्होरं.”

बैठका मारताना नजर समोर ठेवायची, हा तालमीचा नियम. आणि समोर स्टुलावर वस्ताद. बापूंना बघावंच लागलं. पन्नाशीच्या घरातलं पोट सांभाळत एक, दोन, तीन चालू झालं. दहानंतर भाता चालावा तसा श्वास, वीसनंतर डोळे बाहेर. चोविसाव्या बैठकीला पायजमा असा काही फाटला, की टांग्याचं घोडं बिचकलं.

आणि वस्ताद हसले. तोंडात दात नाहीत, खांदे गदगदा हलतायत, चांगल्या डोळ्यातून पाणी वाहतंय. पैलवान एकमेकांकडे बघायला लागले, त्यांनीही हे कधी पाहिलं नसावं.

बापूंनी पंचविसावी मारलीच नाही. एका हातानं मागून पायजमा धरला आणि दुसऱ्या हातानं ब्रश उचलला. वस्ताद चहा पीत बसले होते, मधूनच आठवून पुन्हा हसत होते. दीड तासात चेहरा झाला.

पैलवानांनी पुढे होऊन बघितलं आणि त्यांची तोंडं उतरली. थोरला म्हणाला, वस्ताद हसत नाहीत, असली तसबीर तालमीत लावली तर पोरं ऐकायची नाहीत, हे आम्ही नेणार नाही.  बापू ब्रश पुसत राहिले.

“मला म्होरं घ्या,” वस्ताद म्हणाले.

हसनभाईंनी त्यांना चित्रापाशी नेलं. वीतभर अंतरावर चांगला डोळा नेऊन ते बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं दिसत नसावं. हात वर केला, पण रंगाला लावला नाही.

“बाप्या,” त्यांनी मागे न बघता विचारलं, “माझा बा तुला कुठं गावला रं? असाच हसायचा.”

 वस्तादांनी भिंतीला हात टेकून एक वहाण काढली, मग दुसरी, आणि चित्राला हात जोडले.  मग मागे उभ्या थोरल्या पैलवानानं वाकून आपल्याही वहाणा काढल्या.