गच्चीवर वाळवलेली माती

पारशिवनीकडच्या सागवनातून रस्ता जाणार होता. कापू तेवढी झाडं दुसरीकडे लावू, असं सरकारी कागदात होतं. मातीबद्दल एक शब्द नव्हता. झाड हवेतून घेतलेल्या कार्बनचा काही भाग मुळांवरच्या बुरशीला देतं आणि तिच्या धाग्यांतून तो जमिनीत उतरून वर्षानुवर्षं राहतो. नव्या रोपासोबत ती जमीन येत नाही. रस्त्याबद्दलच्या सरकारी सुनावणीत मला एवढंच सिद्ध करायचं होतं.

वनखात्याने एकच दिवस आत जाऊ दिलं. मी बारा पिशव्या माती आणून नागपुरात, महाल भागातल्या आमच्या घरी, बुरशी टिकावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवली. सोमवारी ती प्रयोगशाळेत द्यायची होती.

रविवारी बाहेरून आले तर खालचा कप्पा रिकामा. गच्चीवर, ऑक्टोबरच्या उन्हात, जुन्या लुगड्यावर मातीचे बारा ढीग डाळ वाळत घालतात तसे पसरलेले. प्रत्येकाजवळ त्याची चिठ्ठी, वर खडा ठेवलेला.

"बुरशी धरली होती वं त्याले," आई म्हणाली. "पांढरे धागे दिसून राहिले होते. पण फेकली नाही मी."

मी भांडणाऱ्या घरात वाढले. बाबांच्या पत्रकांच्या घड्या घालता घालता वाचायला शिकले. नळाला पाणी उशिरा आलं तरी आमच्याकडे पत्रक निघायचं. त्या दिवशी मात्र मला राग आलाच नाही. मी माती परत पिशव्यांत भरली. ती गरम होती, एवढं आठवतं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं की कार्बन मोजता येईल, त्याला वाळल्याने काही होत नाही. बुरशीचं मात्र आता खात्रीने काही सांगता येणार नाही. पुन्हा आत जाऊ द्या म्हणून केलेला अर्ज नामंजूर झाला.

सुनावणीसाठी आधीच छापून ठेवलेल्या पत्रकात एक ओळ होती : 'या मातीतली बुरशी जिवंत आहे, आमच्याकडे पुरावा आहे.' गठ्ठे सोडून मी पट्टी ठेवून ती ओळ खोडायला बसले. थोड्या वेळाने आईही पेन घेऊन समोर बसली.

"खोटी हाय का ते ओळ?"

"नाही."

"मंग काहून खोडून राहिली?"

"दाखवाले काही नाही आपल्याजवळ."

तिने पुढचं पत्रक ओढलं.

सुनावणीत साहेबांनी प्रयोगशाळेचा कार्बनचा अहवाल फायलीला लावला आणि झाडं किती, ते विचारलं. मी आकडा सांगितला. ती ओळ का खोडली, हे कुणी विचारलं नाही.