टँकर मागे घेताना

“इंजिन बंद केलंय मी, माणिकभाई. तरी वाजून राहिलंय.”

हमीदभाई मेकॅनिक हे इतक्या हळू बोलला, की ते माझ्यासाठी नव्हतं हे उघड होतं. मी गरम पाण्याची किटली घेऊन क्वार्टरच्या पायरीवर उभी होते. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं होतं आणि मूठ कानाला. शेजारी टँकरचे ड्रायव्हर माणिकमामा. मला पाहताच हमीदभाईने स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात तो चालतही नाही. आम्ही बौद्ध. बैठकीत बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. लहानपणी मी अंधाराला घाबरले, की पप्पा माझ्या हातात बॅटरी द्यायचे. “आत जा, काय दिसलं ते येऊन सांग,” म्हणायचे. नांदेडला इंग्रजी शाळेत सायन्स शिकले, तेही त्यांच्याच हट्टाने.

लातूर जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. पप्पा पाणीपुरवठ्याचे उपअभियंता म्हणून नांदेडहून इथे आले, तेव्हा दुष्काळ होता आणि मुरुडकडच्या एका गावाला टँकरशिवाय पाणी नव्हतं. तो टँकर जुना, जिल्ह्याच्या वाटणीत आलेला. उभा असायचा आमच्या क्वार्टरमागच्या आवारात. थंडीत काही केल्या सुरू व्हायचा नाही. मामा ऑइलच्या चेंबरखाली चिंध्यांचा पेटता बोळा धरायचे, मग रेडिएटरसाठी आमच्याकडे गरम पाणी मागायचे.

“माणसाला आंघोळीला तांब्याभर, आन् तुमच्या नवरदेवाला किटली!” आई रोज म्हणायची.

“नवरदेव रुसला तर वऱ्हाड तहानेलं ऱ्हाईल की वहिनी,” मामा हसायचे.

डिसेंबरात तो आवाज सुरू झाला. थंड इंजिन चालू झालं, की घरघरीत मध्येच — ठक-ठक-ठक. जरा थांबून एकच मोठा ठक्क. गाडी गरम झाली की बंद. हमीदभाई म्हणाला झडपांचे टॅपेट, ते सेट केले. मग म्हणाला डिझेल फवारणारं नोझल. चालू इंजिनाचे डिझेलचे पाइप एकेक करून ढिले केले. ज्या सिलिंडरचा दोष असेल त्याचं डिझेल तोडलं की ठोका बदलतो, असं तो सांगत होता. काहीच बदललं नाही. शेवटी त्याने इंजिन बंद करून कान लावला... ती वर सांगितलेली सकाळ.

मी आठ-दहा दिवस खिडकीतून ऐकत होते. दोघांची डोकी बॉनेटमध्ये, आणि मला मात्र आवाज मागून, टाकीकडून येतोय असं वाटायचं. सांगावं, असं रोज मनात यायचं. पण गाडीतलं मला काय कळतं... शिवाय माझं मराठी ऐकून इथले लोक हसतात. नाही सांगितलं.

हमीदभाईने कान लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी टँकर सुरू केला आणि मागे घ्यायला लागले. आवारातून तो उलटाच बाहेर काढावा लागे. चांगलं ऊन पडलं होतं. ठक-ठक-ठक... आणि मग ठक्क — इतका स्पष्ट, की मी खिडकीचा गज धरला. करकचून ब्रेक लागला. मामा उडी मारून मागे धावले.

मागे कोणी नव्हतं. मला फाटक दिसत होतं, रस्ता दिसत होता. एक शेळीसुद्धा नाही. मामांनी चाकाखाली वाकून पाहिलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली आमच्या पायरीवर ठेवली आणि चालत निघून गेले.

त्या दिवशी गावाला पाणी गेलं नाही. दुपारी बायका रिकामे हंडे घेऊन पप्पांच्या ऑफिसात येऊन बसल्या. पप्पा घरी आले ते मान खाली घालून.

सकाळी त्यांनी मामांना आणि हमीदभाईला घरी बोलावलं. समोर कागद होता.

“दारू पिऊन गाडी सोडून गेला, असं लिहितोय, माणिक. दुसरं काय लिहू? उद्यापासून येऊ नकोस.”

“प्यालो न्हाई साहेब. किसननं थांब म्हणलं.”

“कोण किसन?”

मामा थांबत थांबत बोलले. किसन त्यांचा क्लीनर, त्यांच्याच वयाचा. आम्ही लातूरला येण्याआधीची गोष्ट. मागच्या साली, याच थंडीत, टँकर विहिरीत रिकामा करायला ते मागे घेत होते. किसन मागे उभा राहून पान्याने टाकी वाजवायचा. भराभर वाजवलं की ‘येऊ द्या’. एकदाच जोरात वाजवलं की ‘थांब’.

“त्या दिशी इंजिन लई वाजत हुतं. त्यानं थांब वाजवलं असंल... मला ऐकू आलं न्हाई.”

टाकी आणि विहिरीचा कठडा यांच्यामध्ये किसन चिरडून गेला. त्याच्या जागी अजून माणूस दिलेला नव्हता. मामा एकटेच गाडी न्यायचे.

पप्पांचा आवाज मऊ झाला. “मनाला लागलंय तुझ्या. मनातलाच आवाज आहे तो. पण त्यासाठी गावानं तहानलेलं राहायचं?” मग ते हमीदभाईकडे वळले. “इंजिन बंद असताना तू काही ऐकलंस?”

हमीदभाई फरशीकडे बघत राहिला. “थंडीत लोखंड आकसतंय साहेब. वाजतंय कधी कधी.”

मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

या दोन्ही गोष्टींवर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. मामांच्या मनातला आवाज म्हणावा, तर तोवर मी किसनचं नावही ऐकलं नव्हतं. लोखंड आकसलं म्हणावं, तर ते रोज तीन ठोके देऊन, थांबून, चौथा कसा देईल? कॉलेजात फिजिक्सच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पोकळ टाकीत इंजिनाचा कंप घुमतो. पण हमीदभाईने ऐकलं तेव्हा इंजिन बंद होतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि विषय बदलला.

त्या सकाळी मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. पप्पा पुन्हा लिहायला लागले. ‘दारू’ हा शब्द मला उलटासुद्धा वाचता येत होता. त्यांनी कागद सहीसाठी मामांकडे सरकवला आणि मामांनी खरंच पेन हातात घेतलं.

मी ट्रे खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते.

“पप्पा, मामा प्यालेले नव्हते. तो ‘थांब’चा ठोका मीपण ऐकला, खिडकीतून. ते खोडा... आणि साक्षीला माझं नाव लिहा.”