पायरीवाले दादा

धान निघालं की वर्षातून एकदा पायरीवाले दादा यायचे, माझ्या दारात उकिडवे बसायचे आणि माझी पायरी वितीनं मोजायचे. एका टोकाला अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची, तिथं पुन्हा अंगठा. तीन विती आणि वर चार बोटं. दरवर्षी तेवढंच भरायचं. मग मान हलवून माझ्या बायकोला सांगायचे, "नाई वाढला, बाई."

कमरेला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड, हातात पानात बांधलेले तांदूळ. नदीपलीकडच्या माडिया गावातून दिवसभर चालून ते यायचे. जंगलातल्या गावांशी ज्यांचा संबंध आला त्यांना असे म्हातारे माहीत आहेत. कमी बोलतात, पण जे बोलतात ते नेमकं.

मी गवंडी. दुसरीपर्यंत शाळा शिकलो, पुढचं ओळंब्यानं शिकवलं. वडशाहून एका रस्त्याच्या ठेकेदाराबरोबर भामरागडच्या बाजूला गेलो, तेव्हा हातात थापी आणि अंगात घमेंड एवढंच माझं सामान होतं. ठेकेदारानं तिथल्या बाजाराच्या गावात स्वतःसाठी घर बांधायला लावलं. विटांच्या भिंती, छपराला कवेलू, समोर ओसरीसारखी सपरी. पहिल्याच पावसाळ्यात त्याची म्हातारी आई त्या घरात वारली. रस्त्याचं काम संपलं तसा तोही गेला. मग एक कारकून भाड्यानं राहिला. कोणीतरी दारात येऊन बसतं आणि जमिनीशी बोलतं, असं सांगून त्यानं तीन महिन्यांत सामान उचललं. त्यातच दाराशेजारच्या भिंतीला तडा गेला. गावाला तेवढं पुरे झालं. घर भुताचं ठरलं.

ठेकेदार मिळेल त्या भावात घर विकायला निघाला आणि मी ते घेतलं. बायको म्हणाली, "अजी, लोक पळून राह्यले त्या घरातून, तुमी काऊन घुसून राह्यले?"

मी म्हटलं, "हे घर मी बांधलं. विटा घातल्या, चुना घातला. भूत नाई घातलं." मला राग भुताचा नव्हता. माझ्या हाताला नाव ठेवल्याचा होता.

आम्ही राहायला गेलो त्याच हिवाळ्यात दादा पहिल्यांदा आले. बायकोला वाटलं मागायला आले असतील. तिनं सुपात तांदूळ आणले. त्यांनी ते घेतले नाहीत. स्वतःजवळचे तांदूळ सोडले, चिमूटभर पायरीवर ठेवले, तुंब्यातली मोहाची दारू चार थेंब शिंपडली आणि त्यांच्या भाषेत पायरीशी बोलायला लागले. मी आतून ओरडत आलो, "ओ म्हातारबा! माह्या घरी हे धंदे चालणार नाई!"

ते उठले नाहीत. शांतपणे म्हणाले, "तुह्या घरी नाई आलो, भाऊ. माह्या बापाकडं आलो."

त्यांच्यात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड गावच्या वाटेवर उभा करतात. मेलेला सुखी असला तर दगड हळूहळू वाढतो, असं ते मानतात. त्यांच्या बापाचा दगड उपटून ठेकेदाराच्या ट्रॅक्टरनं आणला होता, आणि आता तो माझ्या चौकटीखाली होता. अर्धा भिंतीत, अर्धा बाहेर पायरी म्हणून. एवढं सांगून झाल्यावर ते जरा हसले. "तो चष्मेवाला कारकून मले पाहूनच पळाला. चप्पलही इथीच ठेवून गेला."

म्हणजे कारकुनाचं भूत हेच. मी ही गोष्ट बाजारात चार जणांना सांगितली. भूत खोटं निघालं म्हणून माझी मान ताठ झाली. दगडाचं मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

कारण तो दगड मीच निवडला होता. ट्रॅक्टरवर मी बसलो होतो. रस्त्याच्या कडेला एका ओळीत दगड उभे होते. दगड आपोआप उभे राहत नाहीत, एवढं गवंड्याला कळतं. मी उतरून एकावर हात फिरवला. चांगला लांब, सपाट. म्हटलं, "हा घे." ड्रायव्हर कचरला. म्हणाला, "लोकाईचे असतीन, मिस्त्री." मी म्हटलं, "लोकाईचे असते तर घरात ठेवले असते."

दादा आले की बापाला वर्षभराच्या बातम्या सांगायचे. कोणाचं लग्न झालं, कोणता बैल वाघानं नेला, मोह किती पडला. नंतर तेच बायकोला मराठीत सांगायचे. एकदा बायकोनं विचारलं, "आज फार वेळ बोलले, दादा. काय सांगितलं?" "सुनेची तक्रार केली," ते म्हणाले. "बापानं काही नाई म्हटलं. जिता असतानाही सुनेचीच बाजू घेत होता." बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ते घरात कधी आले नाहीत. आत यायचं तर बापाला ओलांडावं लागलं असतं. पाणीसुद्धा अंगणात प्यायचे.

दुसऱ्या वर्षी आमचा मुलगा नऊ दिवसांचा होऊन गेला. मोठी मुलगी होती, हा पाठचा. पावसात रस्ता बंद, नाल्याला पूर, दवाखान्यात न्यायची सोय नाही. मी म्हटलं, तापानं गेला. गाव म्हणालं, घरानं खाल्ला. बायकोनं त्या दिवसापासून पायरीवर पाय देणं सोडलं. ओलांडून जायची, मुलीलाही उचलून ओलांडवायची. मी मुद्दाम चपलेसकट पाय द्यायचो, दिवसातून दहा वेळा.

त्या हिवाळ्यात दादा आले तेव्हा ती त्यांच्यासमोर बसली. म्हणाली, "दादा, तुमचा बाप रागावला काय आमच्यावर? माह्या लेकराले त्यानं नेलं काय?"

त्या माणसाचा चेहरा मी तेवढ्या एका वेळी रागानं काळा झालेला पाहिला. "माह्या बापानं जन्मात कोणाच्या लेकराले हात नाई लावला," ते म्हणाले. "रडणारं लेकरू दिसलं का हातातली कामं टाकून खांद्यावर घेत होता. मेलेलं लेकरू त्याच्या नावावर नको घालू, बाई. लोक म्हणतात, म्हणून तू नको म्हणू." मग भिंतीच्या तड्याकडे बोट दाखवलं. "हे पाहा. हे सारं त्याच्या पाठीवर आहे. तो धरून आहे म्हणून उभं आहे."

भिंत तडकायचं कारण मला माहीत होतं. ठेकेदाराला घाई होती आणि मी पाया उथळच ठेवला होता. हेही मी बोललो नाही. माझ्या घराला कोणी भुताचं म्हटलं की मला झोंबायचं, आणि त्यांच्या बापाला कोणी भूत म्हटलं की त्यांना. फरक एवढाच, त्यांच्या बापात खोट नव्हती, माझ्या कामात होती.

पुढं मला मुलगा झाला, जगला. दादा थकत चालले. एका वर्षी मोजून झाल्यावर ते उठले नाहीत. म्हणाले, "भाऊ, बापाले देऊन टाक. माही वेळ आली आता. माहा दगड त्याच्या बाजूला लागला पाह्यजे. तो इथी, मी तिथी, असं नाई होत."

बायको दारात उभी होती. तिचे डोळे माझ्यावर होते. मी म्हटलं, "दादा, मी दगडाले मानत नाई. माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातले सारे देव नदीत टाकले."

"कोणी टाकले?"

"माह्या बापानं. स्वतःच्या हातानं."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याचे होते, त्यानं टाकले." आणि खाली पायरीकडे पाहत राहिले.

तिथं मी हरलो होतो. हरलेल्या माणसानं गप्प बसावं, पण माझा स्वभाव तसा नाही. दगड काढला असता तर तो कोणी घातला, हे गावभर झालं असतं. मी म्हटलं, "काढता नाई येत. चौकट त्याच्यावर आहे. दगड काढला तर घर पडते."

हे खोटं होतं. चौकटीला टेकू देऊन खालचा दगड बदलणं हे कोणत्याही गवंड्याचं साधं काम आहे.

दादांनी वर चौकटीकडे पाहिलं. आत मुलगा झोळीत झोपला होता, मुलगी तांदूळ निवडत होती. मग म्हणाले, "मग राहू दे. लेकरं आहेत घरात." पानं गोळा केली, कुऱ्हाड उचलली आणि गेले. बायको त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते आले नाहीत. त्यांच्या जागी पाच जण आले. बांबूला दोरानं बांधलेला एक दगड चौघांच्या खांद्यावर होता. पाचवा पुढं होता, दादांचा मुलगा, चाळिशीचा. दगड अंगणात टेकवून तो म्हणाला, "बाबा पावसात गेला. नदी भरली होती, निरोप नाई देता आला. त्याचा दगड इथी लावाचा आहे, आज्याच्या बाजूला. जागा देशील काय, भाऊ? दोन हात पुरते."

मी विचारलं, "तिथी काऊन नाई, तुमच्या गावात?"

"बाबा म्हणाला, आज्याले काढलं तर तुमचं घर पडते. लेकरं दबतीन. म्हणून मीच तिकडं जातो म्हणाला."

मी आत गेलो. सब्बल म्हणजे पहार काढली, टेकूला दोन लाकडी बल्ल्या काढल्या. मुलांना बाहेर काढ असं बायकोला सांगितलं, पण ती जागची हलली नाही. घर पडत नाही हे, मी दादांशी खोटं बोललो तेव्हाच तिला समजलं असावं. मी चौकटीला दोन्हीकडून टेकू दिले, खालची माती मोकळी केली, सब्बल घातली. दगड सरकला. त्या पोकळीत विटा आणि सिमेंट भरलं. सकाळी सुरू केलेलं काम जेवायच्या वेळेआधी संपलं. कवेलूसुद्धा हललं नाही.

दादांचा मुलगा भिंतीकडे पाहत होता. "पडलं नाई," तो म्हणाला.

"नाई."

"मग बाबा तसं काऊन म्हणत होता?"

"मी सांगितलं होतं त्याले. खोटं सांगितलं होतं." आणि तोंड उघडलंच होतं म्हणून पुढचंही सांगितलं, की दगड निवडणाराही मीच.

त्यानं ते बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं, शिवीला उलट शिवी द्यायला मी जन्मात कमी पडलो नाही. त्यांनी फडकं ओलं करून म्हाताऱ्याच्या बापाचा दगड पुसला. सात वर्षांची माझ्या चपलांची माती होती त्यावर. मग दुसरा बांबू तोडून आणला आणि तोही दगड आपल्या गावी न्यायला बांधला.

दोन दगड आणि माणसं पाच. मोठ्याला चौघं लागणार, दुसऱ्याला निदान दोघं, म्हणजे एक खांदा कमी पडत होता. मी बांबूखाली खांदा घालायला गेलो. दादांच्या मुलानं माझा हात धरून बाजूला केला. धक्का नाही दिला, बाजूला केला. "नाई, भाऊ," तो म्हणाला. मोठा दगड चौघांनी घेतला. दुसरा त्यानं जमिनीवरून ओढत नेला, दोर छातीला लावून. तो त्याच्या बापाचा होता.

मी नदीपर्यंत मागं मागं गेलो. पाणी मांडीइतकं होतं. पाण्यातून तो एकटा ओढू शकेना, तेव्हा बाकीचे पहिला दगड पलीकडे ठेवून त्याच्यासाठी परत आले. मी काठावरच उभा होतो, दहा पावलांवर. बोलावलं असतं तर गेलो असतो. कोणी बोलावलं नाही.